वडिलांवर स्मरणलेख लिहायचा आहे, पण त्यात वडीलच उतरत नाहीत

मधली लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराने काही महिन्यांपूर्वी गेले. एका कारखान्याच्या देखभाल विभागात त्यांनी आयुष्यभर विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या आणि पाळी संपवून घरी आल्यावरही बाहेरून आलेल्या मोटारींचे वाइंडिंग (आतली तार नव्याने गुंडाळण्याचे काम) ते रात्री उशिरापर्यंत करत बसत. आम्ही तीन भावंडे. जवळच्या लोकांसाठी, आणि त्याहून जास्त नातवंडांसाठी, त्यांच्याविषयी चार-सहा पानांचा एक लेख तयार करावा असे आम्ही ठरवले आणि थोडेफार लिहिता येते म्हणून ते काम माझ्याकडे आले.

मी लिहायला बसते तेव्हा कागदावर जे उमटते ते असे: "ते अत्यंत कष्टाळू, मितभाषी व कुटुंबवत्सल होते. कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी हाडाची काडे केली." यातले एकही वाक्य खोटे नाही, पण हाच मजकूर शेजारच्या घरातल्या वडिलांच्या नावाने छापला तरी कोणाला शंका येणार नाही. वडील मला त्यात कुठे दिसत नाहीत.

मला दिसतात ते असे. जळालेली मोटार आली की जुनी तार तोडून बाहेर काढण्याआधी ते प्रत्येक कॉइलचे वेढे मोजत, कारण एकदा तार विस्कटली की मूळ आकडा पुन्हा हाती लागत नाही. मोजताना त्यांचे ओठ हलत असत आणि त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही हे आम्हा तिघांनाही अक्षरओळख होण्याआधी समजले होते. आम्ही दारात उभे राहायचो. आकडा पूर्ण झाला, वहीत उतरला, पेन्सिल कानावर गेली की मग ते मान वर करून "बोल" म्हणायचे. त्यांच्या त्या लांबट वह्या अजून घरात आहेत. प्रत्येक मोटारीला एक पान: हॉर्सपॉवर, स्टेटरच्या खाचा, वेढे, तारेचा गेज. आणि समासात बारीक अक्षरांत भलतेच काही: "थोरल्याची फी भरली", "धाकटीला ताप, लवकर निघणे", एका ठिकाणी नुसतेच "मधलीचा चष्मा".

माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली अशी की शेवटच्या काही महिन्यांत त्यांचा स्वभाव पार बदलला होता. जन्मात आवाज न चढवलेला माणूस आईवर खेकसू लागला, औषधे बदलून दिली जातात असा संशय घेऊ लागला आणि एकदा मला ओळखून न ओळखल्यासारखे बोलला. पुढे त्यांनीच, शुद्धीत असताना आणि डॉक्टरांशी दोन-तीनदा सविस्तर बोलून, डायलिसिस थांबवण्याचा निर्णय घेतला. आई अजून विचारते की आपण घाई तर केली नाही ना. डोळे मिटले की मला तेच महिने आठवतात आणि आधीची सगळी वर्षे त्यांच्या मागे जातात. दादाचे म्हणणे आहे की यातले अवाक्षरही लेखात नको.

दुसरी अडचण सांगायला जड जाते. ते आमच्या वाट्याला फार थोडे आले. शाळेच्या कार्यक्रमांना नाहीत, सहलीला नाहीत, गप्पांना तर नाहीतच. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्यांच्या पाठीमागे उभे राहून पाहिलेले आहे. हे लिहिले तर तक्रार वाटेल आणि गाळले तर लेख खोटा होईल. अशा लेखनाचा किंवा अशा आजाराचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आणखी एक आठवले म्हणून लिहिते. दुरुस्त झालेली मोटार चालू केली की ते तिच्या अंगावर तळहात ठेवून क्षणभर थांबत. कंप बरोबर आहे ना ते बघत. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (धमनी आणि शीर यांची जोडणी) केल्यावर रोज सकाळी ते अगदी तसेच, दोन बोटे मनगटाच्या वर ठेवून, मान किंचित कलती करून थांबायचे.

निवृत्त परिचारिका

मी नोकरीतली बरीच वर्षे डायलिसिस विभागात काढली आहेत, त्यामुळे लेखनाविषयी नाही, पण तुमच्या पहिल्या अडचणीविषयी काही सांगू शकते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमके काय घडले हे त्यांच्या डॉक्टरांनाच ठाऊक. मी सर्वसाधारणपणे जे पाहिले आणि शिकले ते लिहिते.

मूत्रपिंडे निकामी झाली की जे घटक लघवीवाटे बाहेर पडायला हवेत ते रक्तात साचत राहतात आणि त्यांचा मेंदूवरही परिणाम होतो. झोप उडते, अंगाला खाज सुटते, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. पुढच्या टप्प्यात माणूस गोंधळतो, संशय घेतो, माणसे आणि वेळा यांची गल्लत करतो. डायलिसिस यावर उपाय आहे, पण तो अर्धामुर्धा. निरोगी मूत्रपिंड रात्रंदिवस चालते. यंत्रावरचा रुग्ण साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी सुमारे चार तास, म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तास उपचारावर असतो आणि उरलेला वेळ त्याच्या शरीरात पुन्हा साठवण होत असते. त्यात पाणी मोजून प्यायचे. सतत तहान लागलेल्या माणसाला घरातल्याच कोणीतरी "आता नको" म्हणायचे असते, आणि बहुतेक घरांत ते काम पत्नीकडे येते. रुग्णाचा राग तिच्यावरच का निघतो, याचे निम्मे उत्तर मला नेहमी तिथेच दिसले आहे.

तेव्हा तुमच्या आईंवर जो खेकसत होता तो तुमच्या वडिलांचा खरा स्वभाव आयुष्यभर दडून राहून शेवटी उघडा पडला, असे कृपा करून कोणी समजू नका. नातेवाईकांच्या मनात ही शंका असते आणि ते ती बोलून दाखवत नाहीत, म्हणून मी स्पष्ट लिहीत आहे.

आता आईंच्या प्रश्नाविषयी. ज्यांची मूत्रपिंडे जवळजवळ पूर्ण थांबलेली असतात ते डायलिसिस बंद केल्यावर बहुधा सात ते दहा दिवस राहतात. ज्यांची थोडी क्षमता शिल्लक असते ते काहीसे अधिक. रुग्ण हळूहळू गुंगीत जातो आणि त्या काळात धाप, मळमळ, खाज, वेदना यांवर औषधे देता येतात. विचारपूर्वक, शुद्धीत, डॉक्टरांशी वारंवार बोलून घेतलेला असा निर्णय वैद्यकशास्त्र रुग्णाचा हक्क मानते. उपचार थांबवला म्हणून आजार झाला नाही. आजार त्या टोकाला पोचला होता म्हणून उपचाराचा उपयोग उरला नव्हता. आईंना हे एकदा सांगून पुरणार नाही. त्या पुन्हा विचारतील, तेव्हा पुन्हा सांगा. आणि शक्य असेल तर ज्या डॉक्टरांनी वडिलांशी ती बोलणी केली त्यांची एकदा वेळ घेऊन आईंना प्रत्यक्ष भेटवा. बहुतेक डॉक्टर अशा भेटीला नाही म्हणत नाहीत आणि मुलांनी दहा वेळा सांगितल्याने जे होत नाही ते त्या एका भेटीने होते.

फिस्टुलाविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मात्र मी थबकले. धमनी आणि शीर जोडून केलेल्या त्या जागी रक्ताच्या वेगाने सतत एक थरथर जाणवते आणि ती रोज बोटांनी तपासायची असे आम्ही प्रत्येक रुग्णाला शिकवतो, कारण ती थांबली तर आत गुठळी झाल्याची शक्यता असते आणि ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. निम्मे रुग्ण ही तपासणी विसरतात. तुमच्या वडिलांना ती शिकवावी लागली नसेल, त्यांच्या हाताला कंप ओळखायची सवय होतीच. ही जोडणी १९६६ साली ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्याआधी, मार्च १९६० मध्ये, सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत टेफ्लॉनच्या नळ्या कायमच्या बसवून एका रुग्णाचे नियमित डायलिसिस सुरू केले. तोवर दर खेपेला रक्तवाहिनी निकामी होत असल्याने हा उपचार फार काळ करता येत नसे. तो पहिला रुग्ण, क्लाइड शील्ड्स, यंत्रशाळेतला कारागीर होता आणि त्यानंतर अकरा वर्षे जगला. तुमच्या वडिलांना ही गोष्ट सांगायला मला आवडले असते.

समुपदेशक

परिचारिका ताईंनी वैद्यकीय बाजू इतकी नेमकी मांडली आहे की मी फक्त एक भर घालतो. शेवटचे महिनेच डोळ्यांपुढे येतात, यात तुमच्या प्रेमात काही उणे आहे असे नाही. डॅनियल कानेमान आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की वेदनादायक तपासणीची रुग्णांना उरलेली आठवण मुख्यतः सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा भाग यांवरून ठरते. तपासणी किती वेळ चालली याला त्यात फारसे महत्त्व राहत नाही. तो अभ्यास रुग्णांच्या स्वतःच्या वेदनेचा होता, शोकाचा नव्हे, पण शेवट आणि तीव्रता या दोन्ही गोष्टी तुमच्या त्या महिन्यांत एकत्र आल्या आहेत आणि स्मृतीचा कल कुठे असतो हे त्यावरून कळते. जुनी वर्षे पुसली गेलेली नाहीत. त्या वह्या घेऊन आईजवळ बसा, एकेका पानावर तिला बोलू द्या. जुन्या आठवणींना वर यायला असा काहीतरी हाताला लागणारा आधार लागतो.

शोकाचे पाच टप्पे क्रमाने पार पडले पाहिजेत असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र मला रोजच्या कामात अधिक खरे वाटते: माणूस कधी दुःखात असतो, कधी रोजच्या कामांत, आणि या दोहोंत त्याचे येणेजाणे चालूच राहते. लेख लिहिताना चार दिवस वही उघडावीशी वाटली नाही, तर उघडू नका.

जुना संपादक

अनेक वर्षे मी इतरांचे लेखन तपासले आहे आणि त्यात स्मरणलेखांचा वाटा मोठा होता. तुम्ही विचारता लेख कसा लिहावा. तुमच्या प्रश्नातला तिसरा परिच्छेद हाच लेख आहे. तो जसाच्या तसा उचला. "कष्टाळू" हे विशेषण एकदाही न वापरता वेढे मोजणारा माणूस वाचकापुढे उभा राहतो आणि दारात थांबलेली तीन मुलेही दिसतात. वडील वाट्याला कमी आले ही तुमची दुसरी अडचणही त्याच परिच्छेदात, कुरकुर न करता, सांगून झाली आहे.

लेखाला जन्मापासून मृत्यूपर्यंतचा क्रम देण्याची कोणतीही सक्ती नाही. आपण तो सवयीने देतो आणि मग शेवटी आजार, रुग्णालय, अखेरचा श्वास असे येऊन लेख तिथेच संपतो, म्हणजे वाचकाच्याही हाती तेच महिने उरतात. आजार मध्ये कुठेतरी, एका परिच्छेदात घ्या. त्यात स्वभाव बदलल्याचे दोन वाक्यांत लिहा, कारण परिचारिका बाईंनी सांगितल्याप्रमाणे दिले आणि पुढे चला. सगळे गाळले तर ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांचा उरलेल्या लेखावरचाही विश्वास उडेल. प्रसंग मात्र वर्णन करू नका. आईंना उद्देशून बोलले गेलेले शब्द आईंचे आहेत. ते छापण्याचा अधिकार तुमचा नाही, दादांचाही नाही.

कारखान्यातल्या सहकाऱ्यांना भेटा. पण "बाबा कसे होते?" असे विचारलेत तर "देवमाणूस" असे उत्तर येईल आणि तुम्ही हात हलवत परत याल. मोटार जळून आली की ते आधी काय पाहायचे, नवा मुलगा हाताखाली आला की त्याला पहिले काम कोणते द्यायचे, कशाने चिडायचे, कोणती मोटार त्यांना जमली नाही, असे विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका. जमलेल्या कामापेक्षा न जमलेल्या कामाच्या गोष्टीत कारागीर जास्त उघडा होतो.

सन आणि तारखा आठवणीवर सोडू नका. नियुक्तीचे पत्र, पगाराच्या पावत्या, वैद्यकीय कागद असतील ते काढा. भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा. वहीच्या एका पानाचे छायाचित्र, समासासकट, लेखात घ्या आणि त्याखाली काही स्पष्टीकरण लिहू नका. मला विचाराल तर पान "मधलीचा चष्मा" असलेलेच घ्यावे, पण हा माझा पक्षपात झाला.

एक मुलगा

वरील सगळे पटले, तरी एका गोष्टीवर मला वेगळे म्हणायचे आहे. "आमच्यासाठी राबले" हे वाक्य आपण फार सहज लिहितो. माझे वडील सुतार होते, तेही आजारानेच गेले आणि त्यांच्या पश्चात जो तो आम्हाला हेच सांगत होता की तुमच्यासाठी त्यांनी रक्त आटवले. ऐकून ऐकून माझ्या छातीवर एक दगड बसला होता: म्हणजे ते माझ्यामुळे झिजले की काय? पुढे कधीतरी शांतपणे आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले की त्यांना काम आवडत असे. सुट्टीच्या दिवशी कोणी मागितलेली नसताना ते एखादी फळी रंध्यावर घेत आणि तासल्यावर तिच्यावर अंगठा फिरवत बसत. त्या वेळी त्यांच्या डोक्यात आमची फी नसणार.

घर चालवण्याची गरज होती, हे खरेच. पण माणसाच्या सगळ्या कष्टांचा हिशेब कुटुंबाच्या खाती मांडला की मुलांवर न फिटणारे ऋण चढते आणि त्या माणसाने आपल्या कामात जे स्वतःसाठी मिळवले ते त्याच्याकडून काढून घेतले जाते. तुमचे वडील घरी कमी असायचे ते सगळेच नाइलाजाने, असे तुम्हाला नक्की ठाऊक आहे का? हे मी दोष काढण्यासाठी विचारत नाही. तसे असेल तर ते लेखात येऊ द्यावे आणि तसे नसेल तर तेही येऊ द्यावे, इतकेच.

मधली लेक

सर्वांचे मनापासून आभार. आईला परिचारिका ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण डॉक्टरांना भेटायला तयार झाली आहे.

संपादक काकांच्या सांगण्यावरून बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांना भेटले आणि ठरवून तेच प्रश्न विचारले. न जमलेल्या मोटारीची गोष्ट त्यांना लगेच आठवली: परदेशी बनावटीची एक मोटार तीनदा भरली, म्हणजे तिच्यात नवी तार गुंडाळली, आणि तीनदा तापली, तेव्हा बाबांनी ती चौथ्यांदा उकलली आणि दोष वाइंडिंगचा नसून लोखंडी गाभ्याच्या पत्र्यांमधले रोधक आवरण जळाल्याचा आहे हे शोधून काढले. मोटार वाचली नाही, पण आपला हात चुकला नव्हता हे कळल्यावर त्या दिवशी ते शिट्टी वाजवत होते म्हणे. मी आयुष्यात त्यांना शिट्टी वाजवताना ऐकलेले नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती "एक मुलगा" यांच्या प्रश्नाचे उत्तर ठरावी अशी आहे. बाबांना पर्यवेक्षकाची जागा देऊ केली होती. पगार वाढला असता, रात्रपाळी सुटली असती. त्यांनी नाही म्हटले, कारण त्या जागेवर कागद सांभाळायचे असतात, हाताने काम करायचे नसते. आईला विचारले तर तिला हे पहिल्यापासून माहीत होते. दादाला नव्हते. त्याने त्या काळात महाविद्यालय सांभाळून नोकरी केली होती आणि पैसे घरात दिले होते, त्यामुळे त्याला हे सहज पचले नाही. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलत नव्हता. आता हे लेखात घ्यावे का?

शिवाय नातवंडांपैकी सर्वांत धाकटा जेमतेम साडेतीन वर्षांचा आहे. आजोबा कधी येणार असे तो विचारतो. त्याला काय सांगावे आणि पुढे त्याला ते आठवतील का?

समुपदेशक

धाकट्याविषयी आधी. बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते आणि तीही तुटक असते. तेव्हा त्याला आजोबांची स्वतःची आठवण राहण्याची शक्यता कमी आहे. त्याच्याजवळ पुढे जे असेल ते तुम्ही सांगितलेले, दाखवलेले आणि लिहिलेले असेल. एका अर्थी हा लेख इतरांपेक्षा त्याच्यासाठी जास्त आहे.

मृत्यू कायमचा असतो, तो सर्वांना येतो आणि त्यानंतर शरीराचे काम थांबते, या गोष्टी मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट कळू लागतात. त्याआधी "झोपले", "गावाला गेले" असे सांगितले तर मूल ते शब्दशः घेते; मग त्याला झोपायची भीती वाटते किंवा ते परतीची वाट पाहत राहते. "आजोबांचे शरीर खूप आजारी झाले, ते चालेनासे झाले, ते वारले, आता ते परत येऊ शकत नाहीत," इतके साधे आणि खरे सांगा. आपल्याला सर्दी झाली तर आपणही मरू का, असे तो विचारील. तो आजार वेगळा होता हे तेव्हा सांगा. तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारील आणि दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत, द्यायचे असते.

वडिलांचा आवाज कुठे ध्वनिमुद्रित असेल तर तो आजच फोनमधून बाहेर काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपचे खाते सर्वसाधारणपणे १२० दिवस न वापरल्यास काढून टाकले जाते आणि गूगल दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करू शकते. फोन क्रमांकही कालांतराने दुसऱ्याला दिला जातो. छायाचित्रे बहुतेक घरांत कोणा ना कोणाकडे असतात, पण "अरे, फोन कर" एवढाच दहा सेकंदांचा संदेश एकाच फोनमध्ये असतो.

जुना संपादक

पर्यवेक्षकाची जागा नाकारल्याचे जरूर घ्या. आईंची हरकत नसेल तर. त्या वाक्याला लगेच समर्थन जोडू नका, "कामावरील निष्ठेपोटी" वगैरे तर अजिबात नको. त्यांनी नाही म्हटले, कारण काय सांगितले आणि त्या वर्षांत घर कसे चालले, एवढे पुरे. घर कसे चालले हे लिहिताना दादांच्या नोकरीचाही उल्लेख आला पाहिजे. आजवर तो कोणी केलेला दिसत नाही, आणि त्यांच्या रागाचे कारण मला तरी तेच वाटते.

आईंनी त्या वेळी होकार दिला होता की गप्प बसल्या होत्या, हे त्यांना विचारा आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत घाला. मग तो परिच्छेद छापण्याआधी दादांच्या हाती द्या. परवानगी मागायची म्हणून नव्हे. ते थोरले आहेत, त्या काळात त्यांना समजत होते, आणि तुम्हाला ठाऊक नसलेले काही त्यांच्याजवळ निघण्याचा संभव आहे. त्यांनी दुरुस्त्या केल्या तर त्या वेगळ्या शाईने करायला सांगा, म्हणजे नंतर काय कोणाचे ते कळेल.